गेंड्याला शेपूट असतं का?

ती. अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. मशीनवर बसून बसून कंबर अशी धरली आहे, की खरंच वाकलो तर पुढचं पत्र फरशीवरच लिहावं लागेल.) तुझी तब्येत कशी आहे? उजवा गुडघा काय म्हणतो? आणि डावा? दोघांची चौकशी वेगवेगळी करतोय, कारण मागच्या वेळी मी "गुडघे कसे आहेत" असं एकदमच विचारलं, तेव्हा तू मला फोनवर झापलंस की दोन्ही गुडघे सारखे नसतात, एक दुखतो आणि एक ठणकतो. तेव्हा दुखणाऱ्याला नमस्कार आणि ठणकणाऱ्याला आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहितात तसं नव्हे, या वेळी खरोखर ठीक आहोत.

आधी बातमी सांगून टाकतो, नाहीतर तू मधली पानं सोडून शेवट वाचशील, ती तुझी खोड मला ठाऊक आहे. नातीचा हात सरळ झाला. काल डॉक्टरीणबाईंनी मोजपट्टी लावून बघितला, वाकवला, लांब केला, पुन्हा वाकवला आणि म्हणाल्या, छान, आता परत यायची गरज नाही. अक्का, माझा जीव भांड्यात पडला. तसा तो तीन आठवडे भांड्याच्या काठावर डुगडुगत होता, पण घरात कुणाला दाखवायची सोय नव्हती. घरी आलो, बूट न काढता पलंगावर आडवा झालो आणि भरदुपारी असा घोरलो म्हणे, की शेजारच्यांनी भिंत वाजवली. आता निवांत बसून सगळं ऐक. चहा घेऊन बस, कारण मी थोडक्यात सांगणारा माणूस नाही.

शाळेत बाकावरून उडी मारली आणि उजव्या कोपराचं हाड मोडलं, इथपर्यंत लेकीने तुला फोनवर सांगितलंच होतं. प्लॅस्टर होतं तोवर आमची कारभारीण मजेत होती. (नातीला मी हल्ली कारभारीणच म्हणतो. दुसरीत आहे, पण घरात कोण कुठल्या खुर्चीवर बसणार आणि कुठला कप कुणाचा, हे तीच ठरवते. मला कान तुटलेला कप मिळतो.) प्लॅस्टरवर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या, गृहपाठाला सुट्टी, आणि आजी भरवणार. प्लॅस्टर निघालं आणि तिथून आमचे दिवस फिरले. हात कोपरात अडकून बसला, किटलीच्या कानासारखा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, असं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ शेक द्या, आणि शेक दिला की लगेच तिला हात लांब करायला लावा. पण कुणी ओढायचा नाही, दाबायचा नाही, तिचा तिनेच करायला हवा. नाही केला तर पुढच्या तपासणीला भूल देऊन आम्हाला सरळ करावा लागेल. हे त्या अगदी सहज म्हणाल्या, मी गिऱ्हाइकाला "शिवण उसवून पुन्हा घालावी लागेल" म्हणतो तसं. लेक घरी येऊन न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. इतका वेळ कुणी हातपाय धूत नाही, एवढं बापाला कळतं.

आणि कारभारणीने जाहीर केलं, की या हाताला कुणी हात लावायचा नाही. तिचंही खरं होतं गं, दुखत होतं पोरीला. लेक समजावून थकली, तुझी भावजय गोष्टी सांगून थकली, मी नकला करून थकलो. हात लांब कर म्हटलं की ती तो पोटाशी घट्ट धरायची आणि डोळे मिटायची. आपण दिसेनासे होतो असं तिला वाटत असावं.

म्हणून आधी शेक तरी देऊ, शेकाने जरा सैल पडेल, असं ठरवून मी औषधाच्या दुकानातून गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. लाल, लांबट, वर चुण्या-चुण्या पाडलेली. गरम पाणी भरलं, बूच आवळलं, नेऊन हातावर ठेवणार तोच कारभारीण किंचाळून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणाली, ही जीभ आहे. मी पिशवीकडे नीट पाहिलं, आणि अक्का, तुला सांगतो, होतीच ती जीभ. एकदा म्हटल्यावर दुसरं काही दिसेना. लाल, ओली, खरखरीत आणि आतून गुडगुड आवाज. आजीने ती टॉवेलात गुंडाळली, तर म्हणे जीभ टॉवेलात लपली आहे. उशीच्या अभ्र्यात घातली, तर म्हणे आता ती कुठे आहे ते कळतसुद्धा नाही. मी समजूत काढायला गेलो, की अगं, ही कुणाची जीभ नाही. त्यावर तिने मला विचारलं, मग हिचं तोंड कुठे आहे? तोंड नसलेली जीभ घरात फिरते म्हटल्यावर मोठ्या माणसालाही झोप यायची नाही. मी म्हटलं, बरं बाई, आपण हिला तोंड करू, हिला एखादं जनावर करू, मग तर चालेल? ती विचारात पडली. कारभारीण विचारात पडली की समजावं, घोडं गंगेत न्हाणार. कुठलं जनावर, म्हणून विचारलं, तर म्हणाली गेंडा.

ससा नाही, अस्वल नाही, गेंडा! तिच्याकडे तुकडे जोडून चित्र पूर्ण करायचा एक खेळ आहे, त्यात गेंडा आहे. त्यातला एक तुकडा कधीच हरवला, आणि हरवला तो नेमका गेंड्याच्या मागच्या बाजूचा. त्यामुळे घरात आमचा नेहमीचा वाद, की गेंड्याला शेपूट असतं का? माझं म्हणणं, नसतं. एवढ्या जाड जनावराला माशा हाकलायची गरज काय? तिचं म्हणणं, असणारच, नाहीतर तो मागून संपल्याचं त्याला कळणार कसं? शेवटी तोडगा निघाला, की पुरावा मिळेपर्यंत शेपूट शिवायचं नाही.

आता माझं काम तुला माहीतच आहे. (कितीदा चारचौघांत म्हणाली आहेस, की माझा भाऊ शिवत नाही, बांधकाम करतो. मी ते विसरलेलो नाही.) ट्रक, बस, टेम्पो, जे काही चार चाकांवर चालतं त्याच्या सीटांना कव्हरं घालण्यात माझी हयात गेली. माझी टीप गाडी भंगारात गेली तरी सुटत नाही. पण आजवर जिवंत वस्तूचं माप मी घेतलेलं नाही. बसणाऱ्याचं माप आम्ही घेत नाही, सीटचं घेतो. बसणारा आपला आपण मावतो. मी दुकानात जाऊन पिशवी बाकड्यावर ठेवली, खडूने गेंडा आखला, आणि मनाशी म्हटलं, गेंडा म्हणजे काय, तर कातडी. ती अस्सल हवी. एका ट्रकच्या सीटसाठी आणलेलं सगळ्यात भारी राखाडी रेक्झिन काढलं, आतून बोटभर जाड फोम दिला, कडेने पायपिंग, पोटाला चेन, सगळीकडे दुहेरी टीप. शिंगाला गिअरच्या दांड्याचं कातडी कव्हर चपखल बसलं. शेजारचा बॅटरीवाला कान कसे हवेत यावर सल्ला देत होता. (त्याने आयुष्यात गेंडा पाहिलेला नाही, पण सल्ल्याला गेंडा पाहावा लागत नाही.) ज्याची सीट रखडली होती तो ट्रकवाला भांडायला आला आणि गेंडा बघून भांडण विसरला. गेंडा आपल्या चार पायांवर उभा होता, अक्का. ट्रकवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ही सीट असती तर मी रात्रंदिवस गाडी चालवली असती. मी छाती फुगवून गेंडा काखोटीला मारला आणि भररस्त्यातून घरी आणला.

घरी सगळे जमले. कारभारणीने गेंड्याला दोन्ही बाजूंनी तपासलं, शिंग ओढून पाहिलं आणि पसंतीची मान हलवली. मी पोटाची चेन उघडली, गरम पाण्याची पिशवी आत सारली, चेन लावली, आणि गेंडा अलगद तिच्या कोपरावर ठेवला. तिने काढून टाकला नाही! लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की तिच्या लहानपणी मी तिला सायकल शिकवली तेव्हाही तिने तसं पाहिलं नव्हतं. आम्ही वाट बघत बसलो. आजीने विचारलं, गरम लागतंय का गं? नाही. मी म्हटलं, जरा दम धरा, आत्ताच तर ठेवलाय. पुन्हा वाट पाहिली. लागतंय? नाही. शेवटी मी स्वतः हात लावला, तर गेंडा बसस्टॉपवरच्या बाकासारखा गार.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं, माझा सगळा धंदा कशावर उभा आहे? इंजिनाची धग ड्रायव्हरला लागू नये यावर! त्यासाठीच तो फोम, त्यासाठीच ते जाड रेक्झिन. आयुष्यभर मी लोकांची बुडं उष्णतेपासून वाचवत आलो, आणि नातीला ऊब द्यायची वेळ आली तेव्हा हाताने तेच केलं जे त्याला येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चेन उघडली तर आतलं पाणी अजून कोमट होतं. तुझ्या भावजयीने एक अक्षर न बोलता त्या पाण्याने भांडी घासली. तिचं ते न बोलणं तू ऐकायला हवं होतंस.

इथे खरं सांगतो, मला भीती वाटली. तोवर मला सगळं गमतीचं वाटत होतं. पण एक आठवडा गेला होता आणि कोपर होतं तिथेच होतं. पोरगी झोपेतसुद्धा तो हात दुसऱ्या हाताने धरून झोपायची. तिला भूल देणार, टेबलावर घेणार, दार लावून घेणार आणि आपण बाहेर बाकावर बसणार, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. दुकानात मन लागेना. एका टेम्पोच्या सीटला मी उलट्या बाजूने कव्हर चढवलं, यावरून काय ते ओळख.

आणि मग तू आठवलीस. (फुशारून जाऊ नकोस.) लहानपणी तू बाळांची झबली शिवायला बसायचीस तेव्हा कापड कापण्याआधी गालाला लावायचीस. मी हसलो की म्हणायचीस, कापड आधी गालाला लावावं, मग कात्री लावावी. मी उठलो आणि कापडाच्या दुकानात गेलो. मऊ कापडांचे गठ्ठे काढायला लावले आणि एकेक गालाला लावून डोळे मिटून बघू लागलो. आधी उजवा गाल, मग डावा, कारण तुझ्या गुडघ्यांसारखे माझे गालही वेगळे निघाले; डाव्या बाजूची दाढी नीट झालेली नव्हती. दुकानदारीण बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, कुणासाठी हवंय? मी डोळे मिटूनच म्हटलं, गेंड्यासाठी. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी आपल्या पोराला जवळ ओढून घेतलं. ते असो. सगळ्यात मऊ निघालं ते फ्लॅनेल, पण राखाडी नव्हतं, फिकट जांभळं होतं. मी भीतभीत घरी आणलं. कारभारणीने गालाला लावलं (तिला मी काही सांगितलं नव्हतं हं, आपोआप लावलं, तुझ्याच घराण्यातली) आणि म्हणाली, हा आजारी गेंडा आहे. बरा झाला की राखाडी होईल.

पण माझ्या दुकानातल्या मशीनने फ्लॅनेल खाल्लंच. त्या मशीनला ट्रकच्या सीटची सवय. त्याची सुई म्हणजे दाभण. पहिल्या टाक्यालाच कापडाला खिडकी पडली. मग घरातलं तुझ्या भावजयीचं छोटं मशीन काढलं. त्याची सुई इतकी बारीक, की तिला नेढं आहे यावर विश्वासच ठेवावा लागतो. चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, दोरा थुंकीने टोकदार केला. दोरा सगळीकडे जायचा, नेढं सोडून. कारभारीण समोर खुर्चीत बसली होती. मांडीवर गेंड्याचं नुसतं धड. पोट आणि पाठ जोडून झाली होती, डोकं-पाय व्हायचे होते. तिचा हुकूम होता की डोकं येईपर्यंत त्याला थंडी वाजेल, म्हणून गरम पिशवी आत घालून तिने त्याला बाळासारखं उजव्या कोपरात धरलं होतं. हो, त्याच कोपरात! माझी झटापट बघून बघून ती वैतागली, आजोबा, द्या इकडे म्हणाली, गेंडा डाव्या हातात घेतला, उजव्या हातात दोरा धरला, आणि सुईपर्यंत पोचायला हात पुढे केला. सुई लांब होती. तिने आणखी पुढे केला. ओठ दुमडले, एक डोळा मिटला, आणि दोरा नेढ्यातून आरपार.

अक्का, तो हात आठवडाभर एवढा पुढे आला नव्हता. तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी मशीनवर मान खाली घालून बसलो. चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या होत्या, आणि हाताने एक टीपही घातली जाईना. मग जे सुचलं ते केलं. चार टाके घातले, अंगठ्याचं नख लावलं, आणि टक्, दोरा तोडला. म्हटलं, अरेरे, तुटला की गं!

तिथून पुढे मी दोराच तोडत होतो. ज्याची टीप गाडी भंगारात गेली तरी सुटत नाही, तो मी! सकाळी दुकानात जाण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर आम्ही शिवायला बसायचो. गेंडा गरम करून तिच्या कोपरात, आणि माझं चार टाके, टक्, अरेरे. शिवाय रोज तिची खुर्ची मी नकळत किंचित मागे सरकवायचो. घरात कुणालाही मी ताकास तूर लागू दिली नाही, कारण पोरीला कळलं की हा व्यायाम आहे, तर हात पुन्हा पोटाशी जाणार. त्याची किंमत मी मोजली आहे. तुझी भावजय येता-जाता म्हणायची, शिवता येईना, मशीन वाकडं. शेवटी तिने माझ्या पाठीमागे मशीन दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने सगळं उघडून तेल घातलं, चिंधीवर लांबलचक टीप घातली, दोरा काही तुटला नाही. मग त्याने माझ्याकडे पाहून तुझ्या भावजयीला विचारलं, मशीनला काही झालं नाही, यावर बसतं कोण? बॅटरीवाल्याने हे कुठून ऐकलं कळत नाही, पण आता तो मला दुकानात दोऱ्याची रिळं भेट देतो. मी सगळं गिळलं. लोक मला गेंड्याच्या कातडीचा म्हणतात ते काही उगीच नाही.

आणखी एक पंचाईत झाली. गेंडा संपत आला, पण हात अजून पुरता सरळ झाला नव्हता. मग मी गेंड्याला जास्तीचे अवयव लावायला घेतले. प्रत्येक पायाला नखं लावली. पापण्या लावल्या. गुडघ्यांना चुण्या घातल्या. (तुझी आठवण होतीच.) पोटाला खिसा लावला, खिशाला झाकण लावलं. लेक म्हणाली, बाबा, हा गेंडा आहे की कपाट? मी म्हटलं, तुला गेंड्यांतलं काय कळतं? शिंग तेवढं पहिल्याचं काढून याला बसवलं, त्यालाच दोन दिवस काढले. आणि एका सकाळी मी आपला दोरा तोडून वाट बघत होतो, तर समोरून कारभारणीचा हात आला, सरळ, अख्खा, खांद्यापासून बोटापर्यंत एका रेषेत, आणि दोरा ओवून परत गेला. मी उठून गॅलरीत गेलो आणि समोरच्या घरावरच्या कबुतरांना बराच वेळ हुसकावत राहिलो. तिथे कबुतरं नव्हती.

काल तपासणी झाली ते वर लिहिलंच आहे. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटून विचारलं, व्यायाम अगदी मन लावून केलास वाटतं? कारभारीण म्हणाली, मी व्यायाम केलाच नाही, मला वेळच नव्हता, मी काम करत होते. कसलं काम? दोरा ओवायचं. आजोबांना दिसत नाही आणि त्यांना शिवताही येत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचू लागलो. बाहेर आल्यावर लेक जिन्याच्या पायरीवरच बसली, आणि आधी हसली की आधी रडली ते मला सांगता यायचं नाही. कारभारीण दोन्ही हातांनी गेंडा उंच धरून जिना उतरली. त्या क्षणी मला कुणी नवी बस दिली असती तरी नको म्हटलं असतं.

तर असं सगळं झालं. तुझ्या मेहुण्यांना... चुकलो, माझ्या मेहुण्यांना नमस्कार सांग. (आनंदाने डोकं ठिकाणावर नाही.) पत्राचं उत्तर दे, आणि हे दोऱ्याचं प्रकरण फोनवर कुणापाशी बोलू नकोस. हे फक्त तुला आणि मला माहीत आहे.

तुझा,
बांधकाम करणारा भाऊ

ता. क. पहिल्या रेक्झिनच्या गेंड्याची काळजी नको. तो ट्रकवाल्याने मागून नेला. त्यात तो थंड पाण्याची बाटली ठेवतो आणि म्हणतो, दुपारपर्यंत पाणी गार राहतं. म्हणजे माझं काम चुकलं नव्हतं, जागा चुकली होती.

ता. ता. क. आता पत्र ज्यासाठी लिहिलं ते. जांभळ्या गेंड्याच्या पोटाला चेन लावली आहे, ती तापते आणि हाताला चटका देते. तिथे बटणं हवीत, आणि बटणांना काजं हवीत. अक्का, मला काज करता येत नाही. कधीच येत नव्हतं. गाडीच्या सीटला काज नसतं, म्हणून आजवर निभावलं. गेंडा पार्सलने पाठवू म्हटलं, तर कारभारीण नाही म्हणते, त्याला प्रवास सोसत नाही. तेव्हा तूच ये. चांगली महिनाभर ये. शेकासाठी गेंडा तुला मिळेल, पण फक्त ठणकणाऱ्या गुडघ्यासाठी, असं ठरलं आहे. आणि येताना तुझं मशीन घेऊन ये, असं तुझी भावजय सांगते आहे, कारण आमचं बिघडलं आहे. ते ठणठणीत आहे, पण हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? तेव्हा आणच.

ता. ता. ता. क. कारभारणीला तुला स्वतः काही लिहायचं आहे, म्हणून खालची जागा सोडतो. डाव्या हाताने कागद झाकून लिहिते आहे, मला बघू देत नाही, आणि पाकीटही तीच चिकटवणार आहे. काय लिहिलंय ते मला माहीत नाही. अक्षर वाकडं असेल, सांभाळून घे. हात सरळ आहे.

*आत्याआजी, तू लवकर ये. गेंड्याला शेपूट असतं. शाळेत बाईंनी सांगितलं. येताना शेपूट आण. आजोबा दोरा मुद्दाम तोडत होते. नखाने. मी पहिल्या दिवशीच बघितलं. आजीला पण माहीत आहे. आम्ही त्यांना सांगितलं नाही कारण त्यांना खूप मजा येत होती. तू पण सांगू नको.*